कमी वेगावरचं गाणं

छापखान्यातून आलेल्या ताज्या पत्रकांच्या शाईचा वास आला, की मला ती तबकडी आठवते. कॉलेजात मित्राच्या मोबाइलवर एका परदेशी पंक बँडचं गाणं ऐकून मी वेडा झालो होतो. कोळशाच्या खाणीत गेलेल्या गावाचं गाणं. तबकडी पुण्याहून मागवली, पण ती वाजवायचं यंत्र आमच्या पोंभुर्ण्यात फक्त मंडपवाल्या गुलाबभाऊंकडे होतं.

छापखान्यातून आणलेला पत्रकांचा गठ्ठा काखेत धरून बाबा सोबत आले. खाणीत जमिनी गेलेल्यांसाठी आयुष्यभर पत्रकं लिहिणाऱ्या बाबांना माझं हे वेड श्रीमंत पोरांचा थिल्लरपणा वाटायचं. त्यांनी एकदा ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

गुलाबभाऊंनी तबकडी चुकून कमी वेगावर लावली. खर्जातलं लांबलचक विव्हळणं बाहेर आलं. मी ओशाळलो.

"काऊन रडून राह्यला हा?" बाबांनी विचारलं.

"गाव खाणीत गेलं त्याचं."

बाबांनी गठ्ठा खाली ठेवला. भाऊंनी वेगाचा खटका फिरवला, तसं गाणं सुसाट सुटलं.

"आता चिडला," बाबा म्हणाले. "बरोबर आहे. आंधी रडू येते, मंग राग येते. भाऊ, पुन्हा लावा. पयले हळू."

तेव्हा मी हसलो होतो. आता बाबा नाहीत, आणि मला ते गाणं कमी वेगावरच जास्त खरं वाटतं.