दारावरची रेघ

पार्वतम्माचा नवरा शेषेराव गाडीच्या रंगाला जेवढा जपायचा, तेवढं पोटच्या लेकरालाही कुणी जपत नसेल. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या आमच्या गावात आमची दुकानं समोरासमोर. माझं ब्लाऊज शिवायचं, त्याचं गाड्यांवरची रेडियमची नावं चिकटवायचं आणि काढायचं. जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाचं नाव उतरवायला पार हिमायतनगरहून लोक त्याच्याकडे यायचे. बाकीचे पातं घालून खरवडतात आणि रंगाची सालटी काढतात. हा पात्याला शिवत नसे. गाडी सावलीत घ्यायचा, गरम हवेच्या मशीननं अक्षर कोमट करायचा आणि बोटाच्या पेरानं कोपरा उचलायचा. कंपनीचा बिल्ला असला तर त्याच्यामागून नायलॉनचा दोरा हळूहळू ओढायचा. राहिलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा. बक्कल घासू नये म्हणून कामाआधी कमरेचा पट्टासुद्धा काढून खिळ्याला अडकवायचा.

घरी तोच पट्टा पार्वतम्माच्या पाठीवर चालायचा.

ती देगलूरकडची, ठेंगणी, कमी बोलणारी. डाव्या हाताची करंगळी त्यानं मोडलेली, ती वाकडीच जुळली. मी एकदा भांडायला गेले, तर दुसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, "बिलकीस आपा, मधी येऊ नका. तुमी गेल्यावर त्याचं बी मलाच बसतंय." मग ती स्वतःच पोलीस चौकीत गेली. पुन्हा एकदा गेली. हवालदार हणमंतरावांनी दोन्ही वेळा चहा पाजला, घरचा मामला आहे, समजुतीनं घ्या म्हणाले आणि एक अक्षर लिहून घेतलं नाही. माराइतकंच तिला हे लागलं होतं. उद्या मी मेले तर पाय घसरून पडली म्हणतील, असं ती मला सांगायची, आणि मला तिचं खरं वाटायचं.

त्या दिवशी लातूरचे खतवाले व्यंकटराव निळी गाडी घेऊन आले. एका बोअरवाल्याकडून घेतलेली, दोन्ही दारांवर त्याचं हातभर नाव. एक दार साफ झालं होतं, दुसरं अर्धं राहिलं होतं. पार्वतम्मा डबा घेऊन आली. व्यंकटरावांनी सहज विचारलं, वहिनी, अजून किती वेळ लागेल? ती म्हणाली, चार तर वाजतील.

"तुला कोण इचारलं?" म्हणत शेषेरावानं वळून ठोसा हाणला. चापट नव्हे, ठोसा. ती गरकन फिरली आणि कपाळ दारावर आपटलं. माझी शिलाई मशीन चालू होती, तरी तो आवाज मला ऐकू आला. समोर हॉटेलच्या बाकावर चार-पाच बाप्ये बसले होते. एकाच्याही हातातली कपबशी खाली आली नाही.

मी उठून बाहेर येते तोवर शेषेराव गुडघ्यावर बसला होता. वाटलं, बायकोला उचलतोय. तो दाराजवळ बसला होता. रंगावर त्यानं तोंडाची वाफ मारली, मऊ फडक्यानं तिचं रक्त पुसलं आणि पोचा पडलाय का ते बोटानं चाचपलं. "काही लागलं न्हाई," तो व्यंकटरावांना म्हणाला. तेही वाकून दार बघत होते.

पार्वतम्मा जमिनीवर पडून हे बघत होती. भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. ती उठली, त्याच्या हत्यारांच्या पेटीतला पेचकस घेतला, दाराच्या पुढच्या कडेला टेकवला आणि सगळा भार टाकून मागच्या कडेपर्यंत ओढत नेला. निळा रंग सोलत गेला, खालचा पत्रा दिसला.

आता सगळी गल्ली धावली. हॉटेलवाला उकळतं दूध टाकून आला. व्यंकटरावांनी तिचं मनगट धरलं. शेषेरावानं झिंज्या धरून तिला खाली आपटलं आणि पोटात लाथ घातली. दुसरी घालणार, तोच मी कापडाची कात्री घेऊन मधे उभी राहिले. मी ती खुपसली असती. ते त्याला माझ्या तोंडावर दिसलं असावं, तो मागे सरला.

व्यंकटराव ओरडत होते, चौकीत चला. पार्वतम्मा पोट धरून उठली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

हणमंतरावांनी या वेळी लगेच कागद ओढला. गाडीचा रंग, नंबर, कोणतं दार, सगळं लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, बाईनं गाडीला पेचकस का मारला? कारण लिहावं लागेल.

"सांगा सावकार," पार्वतम्मा व्यंकटरावांना म्हणाली. "तुमी तर जवळच हुता."

व्यंकटरावांनी खिडकीतून, चौकीसमोर आणून लावलेल्या गाडीकडे पाहिलं. उन्हात ती रेघ इथूनही दिसत होती. त्यांनी सांगायला सुरुवात केली. ठोसा सांगितला, डोकं सांगितलं, फडकं सांगितलं. हणमंतराव जरा अडखळले, तर व्यंकटरावच वैतागून म्हणाले की लिहा हो, नाहीतर माझी तक्रार उभी राहायची नाही.

सह्या घेण्याआधी हवालदारांनी सगळं वाचून दाखवलं. "शेषेराव याने पत्नी पार्वतम्मा हिस ठोसा मारला. तिचे डोके सदर गाडीच्या दारावर आदळून रक्त आले."

पार्वतम्मानं कपाळावर पदर दाबून धरला होता.

"साहेब," ती म्हणाली, "तेवढं परत वाचा."