अंगठा न उमटणारा माणूस

“भाऊसाहेब, खाले बठा. मासाले तुम्हनी सावली दिसस.”

तापीच्या डोहाकाठी मी पोहोचताच गळ टाकून बसलेला भोई मान न वळवता हे म्हणे. कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणारा मी. अन्यायाची एखादी तरी बाब डोक्यात घेऊनच फिरत असे. मला एका जागी बसणे जमत नसे, आणि त्याला उठणे.

तो गळाला जिवंत गांडूळ लावीत नसे. दादर ज्वारीचे पीठ, लोणखेड्याच्या घाण्यावरची शेंगदाण्याची पेंड, बाभळीचा डिंक आणि चिमूटभर कापूस एकत्र मळून तो घरीच मऊ आमिष करी. दोन बोटांत वळून त्याला चपटे शेपूट काढी आणि वाफवी. पाण्यात ते शेपूट खरोखर हाले. बायको चुलीपाशी कुरकुरे की, घरच्यांच्या आधी माशांचे जेवण शिजते.

गळाला लावण्यापूर्वी प्रत्येक घाणातले एक आमिष तो स्वतः चावून पाही. “जे मन्हा तोंडले चालस, तेच मासाले चालस. गळवरथीन सुटनं तरी नदीनं पोट बिघडाले नको.” आपणही अशी माणसे पाहिली असतील, त्यांचा कायदा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

पुढे डोहातल्या मासेमारीचा मक्ता एका बाहेरच्या माणसाला गेला. मक्तेदाराच्या माणसांनी त्याचा गळ काढून घेतला आणि काठावर बसण्यास मनाई केली. त्यांच्याकडे सुरतेहून आलेल्या पाहुण्याने त्याला रबरी आमिष दाखवले. याने सवयीप्रमाणे ते चावले, थुंकले आणि मला सांगितले, “हाई तं चप्पल शे.”

मी त्याच रात्री नव्हे, त्याच तासाला अर्ज लिहिला: एक मनुष्य, एक गळ, घरापुरते मासे, मक्त्याने या वहिवाटीस बाध येत नाही. खाली त्याचा अंगठा घेतला. अर्ज परत आला. अंगठ्याच्या रेषा उमटत नाहीत, सबब अर्जदाराची ओळख पटत नाही.

चाळीस वर्षे डिंक आणि पीठ वळून त्याची बोटे गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. दहाही बोटे मी शाईत बुडवून पाहिली. कागदावर दहा काळे डाग पडले. मी संतापाने कागद चुरगळला. तो मात्र हसत होता. “मन्हा आंगठा मासास्नी खाई टाका.”

मी दोन साक्षीदार जोडले, पुन्हा लिहिले, स्मरणपत्रे धाडली. तोवर तो घरी आमिष वळतच राहिला. पाणी भरायला जाताना बायको ते ओच्यात लपवून नेई आणि त्याच्या वतीने डोहात सोडी. गळ नव्हता, तरी माशांची सवय मोडू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते.

परवानगी आली तेव्हा त्याला जाऊन नऊ दिवस झाले होते.

तो आदेश घेऊन मी डोहाकाठी गेलो आणि ताठ उभा राहून, शिक्क्यासह, जावक क्रमांकासह मोठ्याने वाचला. बायकोने शेवटच्या घाणातले एक आमिष दिले होते. त्याचा अर्धा तुकडा चावला. किंचित गोड लागला. उरलेला पाण्यात टाकला. ते शेपूट हलवीत खाली गेले, पण एकही मासा जवळ येईना.

पाण्यावर माझी सावली पडली होती. मी आदेशाची घडी केली आणि खाली बसलो.