वळण जमलं तो रविवार

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो, कारण हाच किस्सा माझ्या मामाकडून ऐकलात तर त्यात तिखट-मीठ जास्त पडेल.

मी वसमतला एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. त्याआधी दोन वर्षं गोव्याच्या किनाऱ्यावर नोकरी केली, पर्यटकांना लाईफ जॅकेट बांधून द्यायची. परत येताना तिथून एक जुनी फळी आणि शीड विकत घेऊन आलो. विंडसर्फिंग म्हणतात त्याला. फळीवर उभं राहायचं, शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यातून सुसाट निघायचं. हिंगोली जिल्ह्यात हे करणारा माझ्याशिवाय कुणी मला अजून भेटलेला नाही. म्हणजे जिल्ह्यात पहिला नंबर कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

दर रविवारी टेम्पोत सगळं टाकून मी सिद्धेश्वर धरणावर जायचो. सरळ जाण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. तिढा होता वळण्याचा. जाइब म्हणतात त्या वळणाला. वारा पाठीवर घेत फळी गोल वळवायची, पाय बदलायचे, आणि शीड एका बाजूनं सोडून दुसऱ्या बाजूनं पुन्हा धरायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मी फळी वळवायचो, पायांचं आठवायचो, आणि शिडापर्यंत पोचायच्या आत पाण्यात असायचो.

पडलं की पुन्हा चढायचं, शीड उचलायचं, पुन्हा पडायचं. असं करत वारा मला पलीकडच्या काठाला नेऊन सोडायचा, आणि दरवेळी एकाच जागी: शंकरकाका चव्हाणांच्या हळदीच्या वावरापाशी. तिथं खाली उतरून फळी हातानं फिरवायची आणि सरळ घरी.

पहिल्या रविवारी शंकरकाका बांधावरून बघत होते. म्हणाले, "काहून पडून राहिले हो सर? तकलीफ हाय का काही?"

"नाही काका, हे मुद्दाम असतं," मी म्हणालो. "सरावाचा भाग आहे."

आता इतकं खोटं तर कुणीही बोलतं की नाही?

दुसऱ्या रविवारी काकूंनी चहा आणला. तिसऱ्या रविवारी चहाबरोबर पोहे आले, आणि बांधावर त्यांची मुलगी सविता येऊन बसली, हातात मोबाईल. काकांनी विचारलं, "आडनाव काय म्हणले तुमचं?"

"राठोड."

"कोणत्या तांड्याचे?"

मी सांगितलं. काका "बराबर, बराबर" म्हणाले. मग नोकरी पक्की आहे का, घरी कोण कोण असतं, हेही विचारलं. मी तिशी ओलांडलेला माणूस. राठोड आणि चव्हाण, दोघंही बंजारा पण कुळं वेगळी, म्हणजे सोयरीक जुळायला आडकाठी नाही. पोहे काहून आले, हे मला कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

चौथ्या रविवारी मी नवीन टी-शर्ट घालून पडलो.

बाहेर आलो तर सविता जवळ आली. "सर, एक सांगू का? वळताना तुमी पायाकडं बघता. जिकडं निघायचं तिकडं बघा की."

"तुम्ही कधी चालवलंय हे?"

"हे न्हाई. ट्रॅक्टर चालवते. वावराच्या टोकाला वळवताना पायाकडं बघून कसं चालंल?"

गोव्यात शिकवणाऱ्यानं हेच इंग्रजीतून वीस वेळा सांगितलं होतं. पण मराठीतून, तेही असं हसत सांगितलेलं, लगेच डोक्यात शिरलं. निघताना काका म्हणाले, "पुढल्या रविवारी नक्की या बरं सर. गोरेगावहून पाव्हणे येऊन राहिले तुमाला बघायला."

मला बघायला! आमच्या घराण्यात आजवर मुली बघितल्या गेल्या होत्या, मुलगा बघायला मंडळी जमणार हे पहिल्यांदाच.

शाळा सकाळची होती. तो आठवडाभर रोज दुपारी मी धरण गाठलं आणि चव्हाणांना दिसणार नाही अशा टोकाला सराव केला. नजर पुढच्या काठावर, गुडघे वाकलेले, शीड सोडलं की लगेच दुसऱ्या बाजूनं पकड. गुरुवारी पहिल्यांदा वळण जमलं. शुक्रवारी चारदा जमलं. शनिवारी रात्री जेवताना आईला पाहुण्यांचं सांगून टाकलं. आईनं लगेच मामाला फोन लावला.

रविवारी दोघं जीपनं रस्त्यानं पलीकडच्या काठाला गेले, पेढे घेऊन. मी पाण्यातून निघालो. मध्यावर आलो आणि बघतो तर बांधावर तीस-चाळीस माणसं. सतरंज्या अंथरलेल्या, म्हाताऱ्या पुढं बसवलेल्या. ऊर भरून आला.

काठ जवळ आला. वारा पाठीवर घेतला, नजर वळवली, पाय बदलले, शीड सोडलं, धरलं. फळी गोल फिरली आणि पाण्यावर सपकन निघाली. केसही भिजला नाही. थोडं पुढं जाऊन मी दुसरं वळण घेतलं, त्याहून सुंदर, आणि ऐटीत काठाला लागलो.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे एकमेकांकडं बघत होते.

शंकरकाका पुढं आले, पडलेल्या आवाजात म्हणाले, "सर, आज तब्येत बरी न्हाई का?"

"का हो काका?"

"पडले न्हाईत तुमी."

सविता एका उंच तरुणाला घेऊन आली. "सर, हे आमचे होणारे मालक. दर रविवारी मी तुमचा व्हिडिओ पाठवत होते ना यांना, तर त्यांच्या घरच्यांना खूपच आवडला. समदे जीपा करून तुमाला पडताना बघायला आले."

होणारा जावई हात जोडून म्हणाला, "आमच्या आजीला लई हसू येतंय तुमचं बघून. आजारपणात तेवढाच विरंगुळा होता."

मी आईकडं बघितलं. पेढ्याचा पुडा तिनं पदराखाली घेतला होता. मामा आभाळाकडं बघत होता. पुढं बसलेल्या त्याच्या वाकलेल्या आजीनं डोळ्यावर हात धरून विचारलं, "पडणारा बाप्या कधी येनार हाय?"

"हेच ते आजी," सविता म्हणाली.

"न्हाई, हे न्हाई," आजी म्हणाली. "त्येला येत न्हवतं काही."

मी तोंड उघडलं. हे वळण किती अवघड असतं, जमायला किती रविवार गेले, हे सगळं समजावणार होतो. तेवढ्यात आई पुढं झाली आणि माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "पड बाबा एकदा. माणसं लांबून आलीत."

मग मी फळी पुन्हा पाण्यात ढकलली आणि सगळ्यांसमोर वळताना पायाकडं बघितलं.