पुडीतले निळे दाणे

कारखान्याचा भोंगा झाला की सगळी कॉलनी आपापली घड्याळं लावून घ्यायची. सखाहरी मात्र खिशातलं घड्याळ काढून, भोंगाच वेळेवर झाला का ते बघायचा, आणि बहुतेक वेळा नाराजीनं मान हलवायचा. डॉक्टरची गोळी, रेडिओवरची बातमी, उसाचा वजनकाटा, कशावर म्हणून त्याचा भरवसा नव्हता. बाप घोडेगावच्या बाजारातला, दात बघून बैलाचं वय सांगणारा दलाल. कुणी काही छातीठोकपणे सांगायला लागलं की हा शांतपणे विचारायचा, "दात बघितलं का?"

सत्तर साली मी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात लागलो. नगरचा, डिप्लोमावाला आणि भलताच शिष्ट. बॉयलरला पाणी सोडणारा व्हॉल्व्ह दाबाच्या हवेवर चालायचा, आणि ती हवा कोरडी लागायची. हवेत पाणी आलं की व्हॉल्व्ह अडकणार, बॉयलरमधलं पाणी उतरणार, आणि पुढचं बोलायलाही नको. हवा वाळवायला ड्रायर होता. दोन उभ्या टाक्या, आत सिलिका जेलचे निळे दाणे. एका टाकीतून हवा जायची, दाणे तिच्यातलं पाणी पिऊन गुलाबी व्हायचे. तोवर दुसरी टाकी तापवून तिच्यातले दाणे वाळवायचे. दर आठ तासांनी टाक्या बदलायच्या. ड्रायर सखाहरीच्या ताब्यात असायचा आणि तो मागवला होता मी. किती हवा, किती दाब, हवा किती गरम, सगळे आकडे माझ्या सहीचे. त्याचा मला कोण अभिमान!

ड्रायर चालू झाला त्या पहिल्या दिवशी त्यानं माझा कागद उलटसुलट करून पाहिला. "सायेब, हवा किती गरम येती ते कुठं मोजलं?"

"जानेवारीत मोजलंय, सकाळी. व्यवस्थित."

"आन मार्चात?"

"तुम्ही टाक्या बदला, सखाहरी. आकड्यांचं मी बघतो."

"बघा, बघा," म्हणाला आणि चोथा घेऊन मशीन पुसायला निघून गेला. चोथा म्हणजे पुसायच्या सुताचा गुंता. तोसुद्धा तो आधी हुंगून घ्यायचा.

मार्च उजाडला आणि एका दुपारी व्हॉल्व्ह अडकला. बॉयलरवरच्या माणसानं धावत जाऊन हातानं पाणी सोडलं म्हणून निभावलं. हवेच्या नळीतून पाण्याची पिचकारीच निघाली. चीफ इंजिनिअरनी, म्हणजे आमच्या चीफसाहेबांनी, मला बोलावलं. "कोण दोषी, ते आठ दिवसांत लिहून द्या. सखाहरीला यंदा कायम करायचं चाललंय. त्याची चूक असेल तर त्याला घरी पाठवू."

तेरा हंगाम हंगामी म्हणून राबलेला माणूस. त्याची भाकरी माझ्या लेखणीवर आली होती, हे मला कळत होतं. तरी माझं मन एकाच दिशेला धावलं. हा दाणे नीट तापवत नसणार! ड्रायरमध्ये दोष असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. स्वतःच्या सहीवर कोण संशय घेतो?

मी पाळत ठेवली, आणि काय सांगू, माणूस खरंच संशयास्पद वागत होता. टाकी बदलताना झाकण उघडायचा, इकडेतिकडे बघत चिमूटभर दाणे कागदात बांधायचा आणि पुडी जेवणाच्या डब्यात टाकायचा. बाजारच्या दिवशी मी मागोमाग गेलो, तर स्वारी सोनाराच्या दुकानात! तिथून निघाला तो दुसऱ्या सोनाराकडे. माझी खात्रीच पटली. कारखान्यातलं काहीतरी विकतोय, आणि आपण भोळे!

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना मी फाटकावरच्या शिपायाला त्याचा डबा उघडायला लावला. सगळ्यांच्या देखत. भाकरीच्या फडक्याखाली दोन पुड्या निघाल्या, एकीत निळे दाणे, दुसरीत गुलाबी. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. सखाहरी हसला नाही की चिडलाही नाही. डबा बंद करत म्हणाला, "चला सायबाकडं."

चीफसाहेबांसमोर त्यानं कोपरीच्या खिशातून एक वही काढली. "ह्ये गुलाबी दाणं तापवायच्या आधीचं, निळं तापवल्यानंतरचं. सोनाराकडं तोलायचं, घरी तव्यावर भाजायचं, पुन्हा तोलायचं. गुलाबी वजनाला लई गुंजा उतरत्यात. निळं एक गुंजबी उतरत न्हाई. म्हंजी तापवन्यात कसूर न्हाई."

"दोन सोनार कशाला?" साहेबांनी विचारलं.

"एकाच्या तराजूवर इस्वास कसा ठिवायचा?"

साहेबांना हसू आवरेना. सखाहरी पुढं म्हणाला, "दाणं आठ तास टिकायचं, ते दुपारी पाच तासांतच भरत्यात. हवा लई गरम येती, सायेब. गरम हवा पानी जास्ती आनती. नळीला हात लावून बघा."

आम्ही गेलो. नळीवर मला हात ठेववेना. माझ्या कागदावर तीस अंश लिहिले होते, जानेवारीतल्या थंड सकाळचे.

"हा आकडा कुणी दिला?" साहेबांनी विचारलं.

सखाहरीला माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्यानं नेमकं तेच विचारलं होतं. पण तो माझ्याकडे न बघता चोथ्यानं नळी पुसत राहिला.

"मी," मी म्हणालो.

साहेबांनी मला तासलं ते तासलंच. दुपारी पाच तासांनी टाक्या बदलायचं ठरलं, पुढच्या हंगामासाठी मोठा ड्रायर मागवला. या वेळी हवा किती गरम ते भर दुपारी मोजलं, आणि थर्मामीटर सखाहरीच्या हातात होता. त्यानं दोन थर्मामीटर लावले. तो कायम झाला.

मी त्याची माफी मागितली, तेव्हा म्हणाला, "संशय घेतला त्याचं काय न्हाई, सायेब. मीबी तुमच्यावर घेतला हुता. महिनाभर."

"मग बोलला का नाहीत?"

"खात्री झाल्याबिगर मानसाचं नाव कसं घ्यायचं? बैलाचंसुदिक घेत न्हाई आमी."

मी पाच वर्षांनी तो कारखाना सोडला. निघायच्या दिवशी सखाहरी एस.टी.पर्यंत आला, माझी ट्रंक टपावर नीट बांधलीय का ते दोनदा ओढून पाहिलं. गाडी सुटायला आली तसा खिडकीशी येऊन म्हणाला, "एक इचारायचं राह्यलं. त्या दिशी फाटकावर डबा उघडायच्या आदी, 'सखाहरी, पुडीत काय हाय?' असं मला का न्हाई इचारलं? मी सांगितलं असतं की."

गाडी हलली. मी खिडकीतून मान बाहेर काढली, तर तो खिशातलं घड्याळ काढून गाडी वेळेवर सुटली का ते बघत होता.