चष्मेवाल्याचं पेडल

चष्मेवाल्याच्या दुकानात शिरलेला माणूस नंबर काढल्याशिवाय बाहेर पडत नाही. शेजारचं घड्याळाचं दुकान समजून कुणी चुकून आत आलं, तरी चष्मेवाला त्याला खुर्चीत बसवतो, नाकावर ती जड गोल चौकट चढवतो आणि भिंगं सरकवत विचारायला लागतो, "हे बरं, की हे? पहिलं, की दुसरं?" अठ्ठावीस वर्षं हाच प्रश्न. घरी पडद्याचं कापड निवडायचं असलं तरी तो बायकोपुढे दोन-दोनच तुकडे धरतो. तिने तिसरा तुकडा उचलला की गांगरतो.

त्याच्या पद्धतीतलं खरं मर्म वेगळंच आहे. गिऱ्हाईक एका भिंगाला चांगलं म्हणालं म्हणजे काम झालं, असं नाही. सरकवता सरकवता एक क्षण असा येतो की ते कंटाळून म्हणतं, "दोन्ही सारखीच वाटतात हो." तिथे चष्मेवाल्याचा चेहरा खुलतो. दोन्ही सारखीच, म्हणजे नंबर सापडला. त्यातला कमी नंबर लिहायचा आणि पुढच्याला हाक मारायची. या एका नियमावर त्याने अर्ध्या वस्तीला पेपर वाचायला लावलंय. याच नियमाने तो तोंडघशीही पडला, तीच ही गोष्ट.

तर हा चष्मेवाला बेस गिटार वाजवतो. म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. बावीस वर्षांपूर्वी चौघांनी मिळून बँड काढला तेव्हा दातांच्या डॉक्टरने साधी गिटार आधीच बळकावली, कुरियरवाला ड्रमवर जाऊन बसला, शाळेतल्या बाई गायला उभ्या राहिल्या, आणि उरलेलं वाद्य उरलेल्या माणसाच्या गळ्यात पडलं. वर्षातून दोनदा वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होतो. तो संपला की लोक बाईंच्या गळ्याचं कौतुक करतात, डॉक्टरच्या बोटांचं करतात, कुरियरवाल्याला घाम पुसायला रुमाल देतात, आणि चष्मेवाल्याला विचारतात, "तुम्हीपण होतात का वर?"

लोकांचं त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही. त्याला लागायचं ते एकाच माणसाचं.

त्याचे बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे. छापखान्यात मशीनवर छत्तीस वर्षं काढली आणि निवृत्त होताना कान तिथेच ठेवून आले. दाराची घंटा, फोन, सुनेची हाक, यातलं काही म्हणता काही त्यांना ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणून दिलं, तर ते त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि चष्मा यंत्राच्या डबीत. पण तळमजल्यावरचा पाण्याचा पंप कुणी चालू ठेवून विसरलं, की सगळ्यात आधी बाबाच पलंगावरून ओरडतात, "पंप बंद करा, टाकी वाहतेय." घरात याला बाबांचा चमत्कार म्हणतात. चमत्कार म्हटलं की पुढे विचार करायचे कष्ट वाचतात.

छापखान्याच्या गोंगाटात तोंडाने बोलून उपयोग नसायचा, सगळा कारभार खुणांवर. बाबा मशीनच्या चौकटीवर तळहात टेकवायचे आणि कुठला रूळ कुरकुरतोय ते सांगायचे. मूठ वर म्हणजे थांबवा. एक बोट वर म्हणजे बरोबर चाललंय, कुणी हात लावू नका, चालू द्या. त्या एका बोटासाठी हाताखालची माणसं वर्षं घालवायची. चष्मेवाल्याला ते बोट उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. शाळेत गणितात पहिला आला तेव्हाही बाबा निकाल वाचून नुसते "हं" म्हणाले होते.

बाबा प्रत्येक कार्यक्रमाला येतात. दुसऱ्या रांगेत कडेच्या लाकडी खुर्चीवर बसतात, दोन्ही हातांनी बैठकीची कड धरतात, आणि दोन तास स्वतःच्या गुडघ्यांकडे बघतात. घरी जाताना म्हणतात, "बाई खांदे फार उडवतात." एकदा धीर करून चष्मेवाल्याने विचारलं होतं, "बाबा, माझं ऐकू आलं का?" बाबा म्हणाले, "काय?" तेच उत्तर समजून चष्मेवाल्याने पुन्हा तो विषय काढला नाही. पण ते मनात सलत राहिलं. बाबा काही आणखी वीस वर्षं रांगेत बसणार नव्हते. त्यांच्या कानावर आपलं वाजवणं एकदा तरी पडावं, एवढीच त्याची इच्छा होती.

या वर्षी योग आला. बावीस वर्षांनी डॉक्टरला पाझर फुटला आणि मध्यंतरानंतरच्या पहिल्याच गाण्यात त्याने चष्मेवाल्याला अर्धं मिनिट देऊ केलं. ड्रम हळू चालू राहणार, बाकी सगळे गप्प, चष्मेवाला एकटा.

"पण असाच वाजवलास तर कुणाला कळायचं नाही," डॉक्टर म्हणाला. "तुझा आवाज नुसता घुमतो. ओव्हरड्राइव्हचं पेडल घे."

पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटार आणि स्पीकरच्या मधे ती वायरने जोडतात. दाबली की आवाज थोडा फाटतो, त्याला धार येते, आणि तो गर्दीतून वाट काढत पुढे येतो. चष्मेवाल्याला हे लगेच पटलं. ज्याला धूसर दिसतं त्याच्यापुढे भिंग सरकवायचं, एवढंच तर होतं ते.

वाद्यांच्या दुकानात जाताना त्याने बायकोला बरोबर नेलं, कारण तिला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. नंबर काढताना गिऱ्हाईक अजाणच बरं असतं. दुकानदाराने काउंटरवर अकरा पेडलं मांडली. चष्मेवाल्याने सहा मीटर पावलांनी मोजले आणि तिथे एक स्टूल ठेवलं.

"तू इथे बस. आता डावा कान झाक."

"तो कशाला?"

"एका वेळी एकच तपासायचा असतो."

"अहो, आपण माझे कान तपासायला आलोय का?" बायको म्हणाली, पण संसाराला पंचवीस वर्षं झाली होती, तिने कान झाकला.

दुकानदाराने घसा खाकरला. "एक सांगू का? यातली बहुतेक साध्या गिटारसाठी आहेत. बेसला लावली की खालचा आवाज खातात. तुम्ही हे करडं घ्या. यात मूळ आवाज हवा तेवढा मिसळायचं बटण आहे."

"आधी तपासू," चष्मेवाला म्हणाला. दुसऱ्याने काढून दिलेला नंबर त्याने आजवर मानला नव्हता.

रंग बघून मत बनू नये म्हणून त्याने पेडलांवर रुमाल टाकला. मग रुमालाखाली वायर बदलायची, एक ओळ वाजवायची, पुन्हा बदलायची, तीच ओळ वाजवायची. "पहिलं, की दुसरं?" करडं पेडल दुसऱ्याच फेरीत बाद झालं. बायको म्हणाली, "हे जरा घुमतंय. आधीचं स्पष्ट होतं." आधीचं होतं हिरवं. घुमतंय म्हणजे धूसर, आणि धूसर हा शब्द चष्मेवाल्याच्या धंद्यात आजाराचं नाव आहे. दुकानदाराने जेवणाचा डबा उघडला.

तासाभराने डावा कान, मग उजवा कान, मग दोन्ही कान मिळून असं सगळं झालं. बायकोचे कान लाल झाले होते. दुकानदार एका हाताने जेवत होता. "पहिलं, की दुसरं?" चष्मेवाल्याने बाविसाव्यांदा विचारलं.

"दोन्ही सारखीच वाटतात हो," बायको म्हणाली. "घरी जाऊया."

चष्मेवाल्याचा चेहरा असा काही खुलला की बायकोला क्षणभर लग्नातला फोटो आठवला. "हेच बांधा," तो दुकानदाराला म्हणाला. शेवटच्या दोन्ही वेळा रुमालाखाली हिरवंच पेडल होतं, वायर काढून घाईघाईत त्यालाच पुन्हा लावली होती, हे दुकानदाराने पाहिलं होतं. पण त्याला दुकान बंद करायचं होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. बाबा नेहमीच्या खुर्चीत, शेजारी बायको. पहिल्याच गाण्याला चष्मेवाल्याने हिरवं पेडल दाबलं आणि खरंच जादू झाली. त्याचा आवाज करकरत, दात विचकत डॉक्टरच्या गिटारच्या पुढे आला. लोकांनी माना वळवल्या. चौथ्या रांगेतल्या औषधांच्या दुकानदाराने शेजाऱ्याला विचारलेलं चष्मेवाल्याला ओठांवरून कळलं: हा कधी आला बँडमध्ये? बाईंनी गाता गाता मागे वळून पाहिलं. चष्मेवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि बाबा. पहिलं गाणं संपायच्या आत बाबांनी गुडघ्यांवरची नजर उचलली होती. दुसऱ्या गाण्यात ते उठले आणि पलीकडच्या खुर्चीवर बसले. तिसऱ्यात तिथूनही उठले, पुढच्या रांगेतल्या माणसाला खांद्याला धरून मागे पाठवलं आणि त्याची जागा घेतली. ऐकू येतंय, चष्मेवाल्याच्या मनात आलं. जवळ येतायत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि एक सूर चुकला.

मध्यंतर होताच तो स्टेजवरून जवळजवळ उडी मारून खाली आला. बाबा खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासत होते.

"कसं वाटलं, बाबा?" त्याने कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"खुर्च्या बदलल्यात का रे यांनी?"

"नाही. त्याच आहेत."

"मग बिघडल्यात. तीन बसून बघितल्या. एक बोलत नाही."

"बोलत नाही म्हणजे?"

बाबांनी खुर्ची सरळ केली, बैठकीच्या कडेवर तळहात ठेवला, छापखान्यात ठेवायचे तसा. "दर वेळी तू वाजवतोस ते इथून येतं. खाली फळ्यांतून, मग खुर्चीतून, मग हातात. तेवढंच तर येतं मला. बाकीचे तिघं नुसते हातवारे करतात." त्यांनी मुलाकडे रोखून पाहिलं. "आज तू वाजवलं नाहीस का?"

चष्मेवाला बिघडलेल्या खुर्चीवर बसला.

"त्या बाई हात पसरतात ना, त्या गाण्यात तू मधेच घसरतोस," बाबा पुढे म्हणाले. "दोन वर्षं झाली. सांगीन म्हणत होतो."

"तुम्ही कधी बोललाच नाहीत, बाबा."

"तू कधी विचारलंस?"

"विचारलं होतं."

"मग ऐकू आलं नसेल," बाबा म्हणाले.

चष्मेवाल्याला हसावं की रडावं ते कळेना, त्याला दोन्ही करावंसं वाटत होतं. बावीस वर्षं सगळ्या हॉलमध्ये ज्या एका माणसाला फक्त त्याचंच ऐकू येत होतं, त्याच माणसाला नेमकं बंद करणारी डबी त्याने अकरातून निवडून, बायकोचे कान लाल करून घरी आणली होती. पंप आठवला. खालचा आवाज खातात, असं दुकानदार म्हणाला होता, तेही आठवलं. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवण्यात आयुष्य गेलं आणि घरातल्या माणसाचा नंबर काढायचा राहून गेला, याची त्याला मनापासून लाज वाटली.

डॉक्टर येऊन त्याची पाठ थोपटून गेला. "आज हॉलला कळलास तू. अर्ध्या मिनिटात पेडलची धार आणखी वाढव. सगळे वाट बघतायत."

सगळे खरंच वाट बघत होते. गाणं सुरू झालं, पुढे सरकलं, बाई थांबल्या, डॉक्टरने हात तारांवरून उचलले. ड्रम हळू चालत राहिले. चौथ्या रांगेत औषधांचा दुकानदार पुढे वाकून बसला. चष्मेवाल्याचा बूट मध्यंतरात बंद केलेल्या हिरव्या पेडलवर होता. दाबलं तर हॉल त्याचा होता, बावीस वर्षांत पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचा. खाली बाबा आपल्या नेहमीच्या खुर्चीत परत गेले होते, बैठकीची कड धरून, गुडघ्यांकडे बघत.

पहिलं, की दुसरं?

त्याने पाय उचलला आणि बाजूला ठेवला.

मग त्याने सगळ्यात जाड तार छेडली. हॉलमध्ये नुसतं घुमलं. औषधांच्या दुकानदाराने कानात करंगळी घालून हलवली. मागे कुणीतरी किती वाजले विचारलं. बायको हातवारे करून पायाकडे बोट दाखवत होती, बटण दाबायला विसरलात म्हणून. चष्मेवाला वाजवत राहिला, खालच्या खाली, सावकाश, एक सूर झाल्यावर दुसरा, कुठेही न घसरता.

बाबांनी मान वर केली नाही. त्यांचा डावा हात खुर्चीच्या कडेलाच होता. उजवा हात सावकाश वर आला, आणि त्याचं एक बोट उभं राहिलं.

अर्धं मिनिट संपलं. डॉक्टरने गिटारवर हात ठेवून खूण केली, मग आणखी एकदा केली, बाईंनी श्वास घेऊन सोडून दिला. पण बोट अजून वरच होतं, आणि ते वर असेपर्यंत थांबवायचं नसतं, म्हणून चष्मेवाला थांबला नाही.