मास्तरांचा रविवार

शनिवारी सकाळी डोनल मास्तर पाठीवर पिशवी टाकून घराबाहेर पडायचे, तेव्हा तामिए कादोवाकी आपल्या मुळ्याच्या वाफ्यात उभीच असायची. तिचं घर आणि मास्तरांचं घर यांच्यामध्ये तो वाफा, एवढंच अंतर. स्टेशनात एका डब्याची गाडी येऊन थांबलेली असे, आणि मास्तर लांब ढांगा टाकत निघालेले असत.

"आज कुठं, मास्तर?"

"तोत्तोरी, आजी. वाळूच्या टेकड्या बघायला."

"वाळू बघायला एवढ्या लांब?"

"आमच्याकडे आयर्लंडला पाऊस आहे, मेंढ्या आहेत. असली वाळू नाही."

"मग टोपी न्या. नाक सोलून येतं तुमचं दरवेळी."

मास्तर हसत जायचे आणि रविवारी संध्याकाळी खरोखरच सोललेलं नाक घेऊन परत यायचे. हातात मिठाईचे दोन खोके. प्रवासाला गेलेल्या माणसानं मागे राहिलेल्यांसाठी तिथला खाऊ आणायचा, ही रीत मास्तरांनी पहिल्याच महिन्यात उचलली होती. एक खोका शाळेतल्या शिक्षकांना, एक तामिएला.

तामिए तो खोका आधी घरातल्या देव्हाऱ्यात, नवऱ्याच्या तसबिरीपुढे ठेवायची. घंटी वाजवायची, हात जोडायची आणि म्हणायची, "घ्या. तोत्तोरीचा आहे. जिवंत होतात तेव्हा बाजाराच्या गावापलीकडं गेला नाहीत, आता बसल्या जागी सगळा मुलूख चाखताय." गेल्या दीड वर्षात नवऱ्यानं हिरोशिमा, मात्सुए, ओनोमिचि असं बरंच काही पाहिलं होतं.

तामिएचं वय एकाहत्तर. सारं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. खोऱ्यात आज जो कुणी चाळिशीच्या आत आहे, त्यानं लहानपणी तिच्या हातचं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार प्यायलेलं आहे, आणि गाजर वेचून बाजूला ठेवलं म्हणून तिची बोलणीही खाल्लेली आहेत. मुलांना बोलायला ती कधी कचरली नाही. मोठ्या माणसांपुढे मात्र तिची जीभ जड व्हायची. कुणाकडे काही मागायचं, कुणाला आपल्यासाठी तसदी द्यायची, म्हणजे तिला अंगावर काटा यायचा. एकदा पाय मुरगळला तर शेजाऱ्याला गाडी काढायला सांगण्याऐवजी ती काठी टेकत दवाखान्यापर्यंत चालत गेली होती, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला म्हणाली होती, "सहज फिरायला निघालेय."

खोऱ्यातली सगळीच माणसं थोडीफार अशी. म्हणून तर मास्तरांच्या बाबतीत तो नियम पडला होता. खोऱ्यातल्या घरांचा एक गट होता. रविवारी कधी रस्त्याकडेचं गवत कापायचं, कधी पाटातला गाळ काढायचा, कधी देवळाचं आवार झाडायचं. घरटी एक माणूस यायचंच. पण शाळेनं भाड्यानं घेतलेल्या त्या घरात पहिल्यांदा इंग्रजी शिकवायला परदेशी मास्तर आले, तेव्हा तामिएच म्हणाली होती, "ते पाहुणे. आठवडाभर शिकवून दमतात. रविवारी तरी त्यांना त्रास नको." सगळ्यांनी मान डोलावली. तेव्हापासून निरोप घेऊन फिरणारा माणूस ते एक घर टाळून पुढे जायचा. मास्तर बदलत गेले, नियम राहिला.

यंदा गटाचं प्रमुखपद फिरत फिरत तामिएकडे आलं होतं, आणि नेमकं यंदाच पालखीचं संकट उभं राहिलं.

ऑक्टोबरात तीन दिवसांची सुट्टी जोडून येते, तेव्हा खोऱ्याच्या देवाची यात्रा असते. भाताची कापणी झालेली असते, आणि देव पालखीत बसून आपलं खोरं बघायला निघतो. पालखी जुन्या लाकडाची, जड. तिला आठ खांदे लागतात. पूर्वी खांद्यांसाठी भांडणं व्हायची. मग तरुण मंडळी शहरात गेली, बायकांनी खांदा द्यायला सुरुवात केली, तरी दरवर्षी एकेक गळतच गेला. यंदाच्या बैठकीत मोजदाद झाली ती तामिएला धरून पाचावर थांबली.

देवळाची देखभाल करणारे ओकिनागादादा चौऱ्याऐंशीचे. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"टेम्पोवर ठेवू," ते म्हणाले. "पलीकडच्या खोऱ्यात तसंच करतात आता."

"कुणाच्या टेम्पोवर?" तामिएनं विचारलं, जरी तिला उत्तर माहीत होतं.

"उघडा, पांढरा, पालखी मावेल असा तुझाच आहे."

"दादा, त्यातून मी शेण वाहते."

"धुऊन घे."

सगळे हसले. तामिएही हसली, पण घरी येताना तिच्या डोक्यात एकच फिरत होतं. देव एकदा चाकांवर बसला की पुन्हा खांद्यावर येत नाही, हे पलीकडच्या खोऱ्यात सगळ्यांनी पाहिलं होतं. एकदा सोय झाली की झाली. आणि ते आपल्या वर्षी व्हावं? लहानपणी वडिलांच्या मागून ती पालखीबरोबर धावायची. पालखी हिंदकळली की वडील म्हणायचे, देव हसतोय बघ. टेम्पोत देव काय हसणार, गप्प बसेल बाजारात निघालेल्या पोत्यासारखा.

बैठकीत कुणीतरी हळूच म्हणालं होतं, "मास्तर चांगले उंच आहेत." लगेच दुसऱ्यानं म्हटलं, "छे, छे, त्यांची सुट्टी." विषय तिथंच मिटला.

तामिएनं मनाचा हिय्या केला. नव्या तांदळाची पिशवी घेऊन मास्तरांच्या दारात गेली. मास्तर जमिनीवर नकाशा पसरून बसले होते.

"आजी, या. बघा, ही बेटं, हे पूल. एका बेटावरून दुसऱ्यावर सायकलनं जायचं. सुट्टीत आम्ही चौघं जाणार आहोत, दुसऱ्या गावांतले माझे मास्तर मित्र. आठ महिने ठरवतोय."

"वा," तामिए म्हणाली. "छान. हवा चांगली असते तेव्हा." तांदूळ ठेवला, दोनदा वाकून नमस्कार केला आणि आली तशी परत आली. घरी तसबिरीपुढे बसून म्हणाली, "नाही जमलं. तुम्ही असता तर तुम्हालाही जमलं नसतं, तेव्हा बघू नका असे."

सप्टेंबरच्या शेवटी वादळ आलं. रुळांवर दरड कोसळली आणि गाडी बंद पडली. तो रविवार यात्रेआधीच्या गवतकापणीचा होता. सकाळी सगळे यंत्रं घेऊन जमले, तर मास्तरांच्या खिडकीचा पडदा ओढलेला, दाराशी त्यांचे बोटीएवढाले बूट.

"घरीच आहेत," तामिए कुजबुजली. "झोपले असतील. इथं यंत्र नको."

मग काय, मास्तरांच्या घराभोवतीचं गवत सगळ्यांनी यंत्रं बंद करून विळ्यांनी कापायला घेतलं. उकिडवे बसून, चोरासारखे, खाणाखुणा करत. ओकिनागादादांना शिंक आली तर त्यांनी टोपीत तोंड खुपसलं.

दार उघडलं. मास्तर पूर्ण कपड्यांत, हातात चहाचा मग.

"जागं केलं का आम्ही?" तामिए ओशाळून म्हणाली. "माफ करा हं. जा, झोपा तुम्ही. होतच आलंय."

"मी पहाटेपासून जागा आहे," मास्तर म्हणाले. ते तिथंच उंबऱ्यावर उभे राहिले. मग शब्द शोधत म्हणाले, "आजी, एक विचारू? माझं काही चुकलं आहे का?"

"तुमचं? काय चुकणार?"

"दर रविवारी तुम्ही सगळे एकत्र असता. गवत, पाट, देऊळ. नंतर बसून जेवता. आलो तेव्हा पहिले दोन रविवार मी घरीच होतो, हसण्याचा आवाज यायचा मला. मला कुणी कधी बोलवत नाही. मला वाटलं, परक्या माणसानं मध्ये यायचं नसतं. तुम्हाला अवघड होऊ नये म्हणून मी दर शनिवारी कुठंतरी जातो. पहिल्यांदा तर ठिकाणही ठरलेलं नव्हतं. गाडीत बसलो आणि गेलो."

ओकिनागादादांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

तामिएला वाटलं, जमिनीत जावं. दीड वर्ष ती वाफ्यातून या माणसाला आनंदानं निरोप देत होती, आणि हा माणूस तिच्याच नियमानं घराबाहेर पडत होता. त्याला तसदी नको म्हणून यांनी बोलावलं नाही, यांना तसदी नको म्हणून तो गेला. तिला एकदम हसू यायला लागलं आणि डोळेही भरून आले, आणि यातलं काय लपवायचं ते तिला कळेना.

"मास्तर," ती म्हणाली, "चूक माझी आहे. तुम्हाला त्रास नको, असं मीच सगळ्यांना सांगितलं. घरटी एक माणूस यायचं असतं. तुमच्या घरातून दीड वर्षात कुणी आलेलं नाही." आणि तिनं आपला विळा पुढे केला.

मास्तरांनी चहाचा मग खाली ठेवला आणि विळा घेतला. अर्ध्या तासात त्यांनी गवत कापलं, कुंपणाची दोरी कापली आणि ओकिनागादादांनी जपलेली चहाची दोन रोपंही कापली.

"ती जुनीच होती," दादा म्हणाले.

"पोरांनी गाजर टाकलं की मी ओरडायचे," तामिए म्हणाली. "मास्तर, ती जुनी नव्हती. परत असं करू नका. मुळाकडं बघून कापायचं."

मास्तरांचा चेहरा असा उजळला, जणू तिनं त्यांना बक्षीस दिलं. आणि तो चेहरा बघून तामिएच्या तोंडून पुढचंही बाहेर पडलं. पालखी, आठ खांदे, पाच माणसं, शेणाचा टेम्पो. सगळं सांगून झाल्यावर तिला आठवलं, आणि ती घाईघाईनं म्हणाली, "पण तुमचं ते सायकलचं ठरलेलं आहे. जा तुम्ही. आम्ही बघू."

"तीन कमी," मास्तर म्हणाले. "आणि मी एकटा राहिलो तरी दोन कमीच." त्यांनी डोकं खाजवलं. "मित्रांना विचारतो. शब्द देत नाही. आठ महिने झालेत ते सायकलची वाट बघतायत."

पुढचे दिवस तामिएनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. मास्तरांकडून सोमवारी कळलं, एकजण तयार आहे. मग गुरुवारी कळलं, दुसरा म्हणतो, आधी बघू. तिसरी वांगारी नावाची केनियाची मुलगी, तिचा तर फोनच लागेना. ओकिनागादादांनी आणखी एक शंका काढली.

"सगळे परमुलखातले. देवाला चालेल का तामिए?"

"दादा, देवानं कधी कुणाला पत्ता विचारलाय?" ती म्हणाली. आपण असं ताडकन बोललो याचं तिलाच नवल वाटलं. पण घरी जाऊन तिनं टेम्पो धुतला. दोनदा धुतला, वास गेला नाही. संध्याकाळी देवळात गेली, रीतीप्रमाणे दोन टाळ्या वाजवून हात जोडले. मागितलं मात्र काही नाही. देवालाही तसदी द्यायची तिला सवय नव्हती. नुसतं सांगितलं, "मी विचारलंय त्यांना."

तोवर दरड हटवून गाडी सुरू झाली होती. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी ती स्टेशनाच्या कडेला गवत उपटत बसली. तिथं उपटण्यासारखं गवत नव्हतं. गाडी आली. आधी एक लांबलचक माणूस वाकून दारातून उतरला, मग दुसरा, आणि शेवटी डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली वांगारी. तिनं उतरता उतरता विचारलं, "डोनल म्हणाला जेवायला आहे. काय आहे?"

"रताळ्याचा भात, मासे, मिसोचं सार," तामिए म्हणाली. "गाजर घातलंय. टाकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर पालखी उचलली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की देव निम्म्याच खांद्यांवर आहे. उंच चौघं आणि खोऱ्यातले बुटके चौघं दांड्यांना एकाआड एक, पाचवी तामिए बुटक्यांतल्या एकाला खांदा बदलून द्यायला बाजूला उभी राहिलेली. बुटक्यांच्या खांद्याला दांडा लागतच नव्हता.

"आम्ही नुसते लटकलोय," एकजण म्हणाला. "मला तर देवच नेतोय."

मास्तर आणि मित्रांनी गुडघे वाकवले आणि बदकासारखे चालू लागले. खोऱ्यातल्या म्हाताऱ्या दारादारांत उभ्या होत्या, त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. देवळाच्या पायऱ्यांशी आल्यावर तामिएनं हाक दिली, "थांबा. उंच सगळे खाली या, बुटके वर. शाळेच्या जिन्यावरून साराचा हंडा मी असाच न्यायचे." चौघं मागे गेले, पाठी सरळ झाल्या, आणि पायऱ्यांवर पालखी अशी समतल चढली की आत ठेवलेल्या साकेच्या, तांदळाच्या दारूच्या, पेल्यातला थेंब सांडला नाही. वरच्या पायरीवर पालखीला जोराचा हिसका बसला, तिची घुंगरं खुळखुळली. तामिएनं मान खाली घातली आणि हात जोडले. पलीकडे ओकिनागादादा टोपीनं डोळे पुसत होते.

सोमवारी सकाळी चौघं मास्तरांच्या ओसरीवर उन्हात आडवे पडलेले होते. खांद्यांना औषधी पट्ट्या, सायकलची चर्चा करायचंही त्राण नव्हतं. बेटं आता वसंतातल्या सुट्टीत बघायची ठरली होती. तामिए वाफ्यातून थेट ओसरीशी आली.

"मास्तर, येत्या रविवारी पाटातला गाळ काढायचा आहे. सातला."

मास्तरांनी एक डोळा उघडला. "येत्या रविवारी मी ओनोमिचिला जायचं म्हणत होतो, आजी."

"त्याच्या पुढच्या रविवारी जा."

"बरं. आठला चालेल?"

"नाही," तामिए म्हणाली. "सातला." आणि पुढच्या घरी निरोप द्यायला निघून गेली.