निळ्या नखांची पुडी

जलालाबादच्या बाजारामागे झूराएजेचं नखांचं दुकान आहे; एजे म्हणजे ताई. त्याआधी अकरा वर्षं ती सरकारी फार्मवर मेंढ्यांचे खूर कापायची. आता बायकांची नखं कापते, आणि दोन्हींत फारसा फरक नाही, असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते. फुकट धडाही देते: "दिसतं ते नख मेलेलंच असतं गं. जीव असतो तो मुळाशी, कातडीखाली. ही कडेची कातडी त्याची राखण करते, ती कापायला सांगू नकोस."

तिच्या पोटात काही राहत नाही, हे गावाला ठाऊक. म्हणूनच आज सकाळी एका नवऱ्या मुलीने तिला भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती: कुणाला सांगायचं नाही. शपथ मोडली तर भाकरी मारते, आणि भाकरीला झूराएजे भिते.

दुपारी सोनुनबू आली. आक्रोडाच्या जंगलातली बाई, हात बाह्यांत लपवलेले.

"किती पोती सोललीस?"

"वीस. एजे, हे काळं घालव. उद्या सुनेच्या कानात डूल घालायचेत. सगळ्यांचे डोळे माझ्या हातांवर."

लिंबू झालं, ब्रश झाला. कातडी जरा उजळली, नखं काळी ती काळीच.

"हिरव्या सालीचा रंग नखात मुरलाय. नख महिन्याला गव्हाच्या दाण्याच्या रुंदीएवढं सरकतं. वसंतात ये, गोरी करून देते."

"उद्या आहे गं! मग वरून लांब खोटी नखं लाव. पोराने सुनेचा फोटो दाखवला, तिची निळी आहेत, वर पांढरी फुलं. तसलीच लाव."

झूराएजेने तर्जनीवर आणि अंगठ्यावर खोटी नखं चिकटवली, एक डूल हातात दिला आणि आपला कान पुढे केला. "घाल."

सोनुनबूने दोनदा डूल पाडला, तिसऱ्यांदा कानच टोचला.

"अगं, कान आहे, आक्रोड नाही!"

सोनुनबू हसली आणि हसता हसता रडू लागली. "शहरातली माणसं ती. हे हात बघून म्हणतील, पोरगी कुठे दिली!"

झूराएजेची जीभ वळवळली. पण भाकरी आठवली. मग ती उठली आणि फळीवरचा डबा आणून तिने सोनुनबूच्या मांडीवर ठेवला. कापलेली नखं केरात टाकत नाहीत, ती कागदात बांधून पुरायची. वरचीच, आज सकाळची पुडी तिने उलगडली.

दहा लांब नखं. निळी, वर पांढरी फुलं.

"मी काही बोलले नाही हं. शपथ तोंडाने घेतली होती, डब्याने नव्हे."

सोनुनबूने एक निळं नख आपल्या काळ्या नखाशेजारी धरलं. "आमच्यासारखी दिसावी म्हणून कापली पोरीने!" मग तिने दोन्ही बोटं पुढे केली. "ही काढ. तेल तेवढं लाव."

जाताना तिने ती पुडी मागून घेतली.

"आता हिचं काय काम तुझं?"

"आमच्या अंगणात पुरते. आमच्याच घरची आहे ना ती आता."

झूराएजेने नाक पुसलं आणि पुडीला नीट दोरा बांधून दिला.